विश्लेषण : हलणारा दात काढायचा की हिरडी साफ करायची? पायोरियावर ‘डीप क्लीनिंग’ रुजवणारे जॉन रिग्ज

अमरावती असो की अकोला, दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या पन्नाशीच्या माणसाची तक्रार बरेचदा सारखीच असते. दाताला कीड नाही, ठणका नाही, पण दात हलतो. ब्रश केला की रक्त येते, तोंडाला वास येतो. आणि मागणीही ठरलेली असते : काढून टाका. असा दात लगेच काढू नये, हिरडीखाली मुळाला चिकटलेले थर खरवडून काढले तर तो पुष्कळदा वाचतो, हे दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका दंतवैद्याने आपल्या व्यवसायबंधूंना हट्टाने पटवून दिले. जॉन मँकी रिग्ज हे त्यांचे नाव. एकेकाळी हिरड्यांच्या या रोगाला त्यांच्याच नावाने, ‘रिग्ज डिसीज’ म्हणून ओळखत. आपल्याकडे त्याला पायोरिया म्हणतात. ‘पू वाहणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आलेले हे नाव मंजनाच्या डब्यांवरून घराघरांत पोहोचले. रिग्ज मात्र विसरले गेले.

कोण होते जॉन रिग्ज?

रिग्ज यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात झाला. त्याच राज्यातील हार्टफर्ड शहरात त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण घेतले, काही काळ शाळेत शिकवले आणि नंतर ते दंतवैद्यकाकडे वळले. त्या काळात हा व्यवसाय बहुतेक जण एखाद्या जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी करूनच शिकत. जगातील पहिले दंत महाविद्यालय बाल्टिमोरला निघाले तेच १८४० मध्ये. रिग्ज यांना हे काम शिकवले होरेस वेल्स यांनी. गंमत म्हणजे गुरू शिष्यापेक्षा वयाने तीन वर्षांहून अधिक लहान होता. पुढे दोघांचे दवाखाने शेजारी-शेजारी होते आणि मैत्रीही घट्ट होती.

दात काढणे म्हणजे तेव्हा शुद्धीवर असलेल्या माणसाला घट्ट धरून पक्कड चालवणे. त्यामुळे लोक दुखणे असह्य होईपर्यंत फिरकत नसत आणि आल्यावर दंतवैद्याला करण्यासारखे फारसे उरलेले नसे.

११ डिसेंबर १८४४ रोजी काय घडले?

आदल्या संध्याकाळी हार्टफर्डमध्ये गार्डनर कोल्टन यांचा एक जाहीर खेळ होता. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, प्रेक्षकांना हुंगायला द्यायचा आणि त्यांची धमाल इतरांनी बघायची, असा तो प्रकार. सॅम्युएल कूली नावाचा तरुण वायूच्या अमलाखाली धडपडला. त्याच्या पायाला चांगलीच जखम झाली, पण त्याला ती जाणवलीच नाही. प्रेक्षकांत बसलेल्या वेल्स यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही. त्याच रात्री त्यांनी रिग्ज यांना गाठले आणि दोघे उशिरापर्यंत बोलत बसले. वायूचा अंमल किती वाढवायचा, माणूस शुद्धीवर आलाच नाही तर काय करायचे, हे प्रश्न होते. उत्तर कोणाकडेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्टन वायूची पिशवी घेऊन आले. खुर्चीत स्वतः वेल्स बसले. त्यांनी वायू ओढून घेतला, मान मागे कलंडली आणि रिग्ज यांनी त्यांची दाढ उपटली. शुद्धीवर आल्यावर वेल्स यांना वेदना आठवत नव्हती. भूलशास्त्राच्या इतिहासात या दिवसाचे श्रेय वेल्स यांना जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या सकाळी पक्कड ज्यांच्या हातात होती आणि काही विपरीत घडले असते तर ज्यांच्यावर ठपका आला असता, ते रिग्ज होते.

वेल्स यांच्या वाट्याला पुढे दैवाने काही चांगले ठेवले नव्हते. १८४५ च्या जानेवारीत बोस्टनला डॉक्टरांसमोर केलेल्या प्रयोगात वायूची पिशवी लवकर बाजूला झाली, रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची टर उडाली. १८४६ मध्ये त्यांचेच जुने सहकारी विल्यम मॉर्टन यांनी त्याच शहरात ईथर वापरून यश मिळवले आणि शोध कोणाचा यावर भांडण जुंपले. १८४८ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या तुरुंगात वेल्स यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. रिग्ज यांनी मित्राची बाजू सोडली नाही. त्या सकाळी काय घडले याची साक्ष त्यांनी लेखी दिली. अमेरिकेतील दंतवैद्य संघटनेने १८६४ मध्ये आणि वैद्यकीय संघटनेने १८७० मध्ये वेल्स यांचे श्रेय मान्य केले. हार्टफर्डमध्ये १८७५ साली त्यांचा पुतळाही उभा राहिला.

मग ‘रिग्ज डिसीज’ हे नाव कुठून आले?

दात विनावेदना काढण्याचा पहिला मान मिळवलेल्या या माणसाने पुढचे आयुष्य दात न काढण्यासाठी वेचले. पिवळट थराने माखलेले दात, सुजलेल्या, रक्ताळलेल्या हिरड्या, दाबले की येणारा पू आणि हळूहळू झिजणारे जबड्याचे हाड, हे चित्र ते रोज पाहत. त्यावर प्रचलित मत असे होते की हा शरीराच्या प्रकृतीचाच दोष आहे. रक्त बिघडले, वय झाले, वंशच तसा, मग दात पडणारच. काही जण सुजलेली हिरडी कापून टाकत. बाकीचे दात काढून कवळी बसवत.

रिग्ज यांचे म्हणणे नेमके उलट होते. रोगाचे मूळ रक्तात नाही, दातावरच आहे. हिरडीच्या काठाखाली मुळाला जे कडक कीटण चिकटते, ते हिरडीला सतत टोचत आणि चिघळवत राहते. ते काढले, मूळ गुळगुळीत केले आणि रुग्णाने नंतर तोंड स्वच्छ ठेवले, तर हिरडी आपली आपण बरी होते. तिला कापायची गरज नाही. त्यासाठी त्यांनी बारीक, वळणदार हत्यारे वापरली. हिरडीखाली जाऊन हाडाच्या काठापर्यंत मूळ खरवडायचे आणि एकही कोपरा सोडायचा नाही, अशी त्यांची रीत होती.

१८६० च्या दशकात ते आपली पद्धत दंतवैद्यांच्या सभांमध्ये प्रत्यक्ष करून दाखवू लागले. सगळ्यांना ती पटली नाही. तासन्तास मान वाकवून एकेक मूळ साफ करण्यापेक्षा दात उपटणे सोपे होते आणि कवळीचे पैसेही मिळत. रिग्ज यांनी लिहिले थोडेच. त्यांचा सर्वात गाजलेला लेख १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पण पाहणाऱ्यांनी ते हस्तकौशल्य उचलले, आपापल्या गावी नेले आणि रोगाला त्यांचे नाव चिकटले.

हा काळ वऱ्हाडालाही अनोळखी नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धात तिथला कापूस इंग्लंडला जाणे थांबले आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेगाव, अकोला, बडनेरा असे करत रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. ज्या वर्षांत इथली गाठोडी मँचेस्टरच्या वाटेला लागत होती, त्याच वर्षांत रिग्ज हार्टफर्डमध्ये हिरड्या वाचवण्याच्या खटपटीत होते. वऱ्हाडात तेव्हा लोक लिंबाच्या नाहीतर बाभळीच्या काडीने दात घासत आणि हललेला दात दोऱ्याने ओढून काढत.

मार्क ट्वेन यांचा काय संबंध?

‘टॉम सॉयर’चे लेखक मार्क ट्वेन १८७१ पासून हार्टफर्डमध्ये राहत होते. त्यांनाही हा रोग जडला आणि ते रिग्ज यांच्या खुर्चीत येऊन बसले. मूळ खरवडून घेण्याचा हा अनुभव त्यांनी आपल्या खास तिरकस शैलीत लिहून काढला. मात्र तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. त्या काळी हिरडी बधिर करणारे इंजेक्शन नव्हते. कोकेन वापरून एखादा भाग बधिर करण्याची सुरुवातच १८८४ मध्ये, रिग्ज यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी झाली. म्हणजे ज्या डॉक्टरच्या हातून पहिली वेदनारहित दाढ निघाली, त्याच्याकडे हिरड्या साफ करून घेणाऱ्यांना मात्र वेदना सोसाव्याच लागत. तरीही लोक येत होते.

११ नोव्हेंबर १८८५ रोजी हार्टफर्डमध्ये रिग्ज यांचे निधन झाले. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते.

ही कल्पना त्यांची एकट्याची होती का?

नाही. सुश्रुतसंहितेत दातांवर साचणाऱ्या कडक थराला दंतशर्करा म्हटले आहे आणि हिरडीला इजा न करता ती हत्याराने काढावी, असे सांगितले आहे. पू-रक्त वाहून दात हलवणारा दंतवेष्ट हा विकारही तिथे वेगळा नोंदवलेला आहे. हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील कोर्दोबा परिसरात अल-जहरावी यांनी दात खरवडण्याच्या हत्यारांचा संचच चित्रांसह दिला होता. १७२८ मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशार यांनीही कीटण काढण्याची साधने वर्णिली. रिग्ज यांचे वेगळेपण यात आहे, की त्यांनी सफाईला शोभेच्या कामातून उचलून उपचाराच्या जागी बसवले आणि दिसणाऱ्या भागापेक्षा न दिसणाऱ्या मुळावर भर दिला.

त्यांच्यानंतर लोक हे विसरले कसे?

विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकात एक लाट आली. संधिवातापासून मानसिक आजारापर्यंत अनेक दुखण्यांचे मूळ दातांतील जंतुसंसर्गात आहे, असे मानले जाऊ लागले. १९१० मध्ये इंग्लंडचे डॉ. विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियल येथील भाषणात हा विचार जोरात मांडला आणि पुढची दोन-तीन दशके दिसेल तो संशयित दात काढण्याचा सपाटा लागला. चांगले दातही त्यात गेले. पुराव्यापुढे ही लाट ओसरली, पण ‘हलतो तर काढा’ ही सवय मागे राहिली. आपल्याकडे दंतवैद्य मोजकेच असल्याने ती अधिकच पक्की झाली. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये सुरू झाले. त्याआधी वऱ्हाडातल्या माणसाला हिरड्यांच्या उपचारासाठी जवळपास जागाच नव्हती.

रिग्ज यांचे बरोबर ठरले का?

बरेचसे. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आरहूस येथे हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा सफाई सुरू करताच त्या पूर्ववत झाल्या. मात्र खरा गुन्हेगार कडक कीटण नसून त्यावर बसणारा जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक आहे, हे यातून स्पष्ट झाले. कीटण म्हणजे त्याच थराचे क्षार बसून झालेले दगडी रूप. त्याचा खडबडीत पृष्ठभाग जिवाणूंना घर देतो, म्हणून तेही काढावे लागते. हे क्षार मुख्यतः लाळेतून येतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यात कीटणाचे खापर पाण्यावर फोडले जाते, पण कूपनलिकेऐवजी नळाचे पाणी प्यायल्याने ते थांबत नाही.

हा थर औषधाला दाद देत नाही, याची चुणूक खूप आधीच मिळाली होती. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणारे पहिले संशोधक, हॉलंडचे लेव्हेनहूक, यांनी १६८३ मध्ये स्वतःच्या दातांमधील मळ तपासला होता. व्हिनेगरने बाहेरचे जीव मरतात, पण थराच्या आतले तगून राहतात, हे त्यांना दिसले. माउथवॉशच्या बाटलीने किंवा अँटिबायोटिकच्या गोळ्यांनीच पायोरिया का जात नाही, याचे कारण हेच आहे. थर आधी हत्याराने मोडावा लागतो.

पण रिग्ज एका बाबतीत एकांगी होते. शरीराचा काहीच संबंध नाही, हे त्यांचे म्हणणे टिकले नाही. श्रीलंकेतील चहामळ्यांवरच्या ४८० पुरुष मजुरांची १९७० ते १९८५ अशी १५ वर्षे पाहणी झाली. ते दात घासत नसत, दंतवैद्याकडेही जात नसत. सगळ्यांच्या तोंडात थर आणि कीटण होते. तरी ८ टक्के जणांचे दात झपाट्याने गेले, ८१ टक्क्यांचा रोग मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांमध्ये तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. घाण सारखी, परिणाम वेगळा. हा फरक शरीराच्या प्रतिसादामुळे पडतो आणि तो बिघडवणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी म्हणजे मधुमेह आणि तंबाखू.

या दोन्ही गोष्टी वऱ्हाडात नव्याने सांगायला नकोत. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा गालात धरण्याची सवय इथे शेताच्या धुऱ्यापासून सरकारी कचेरीपर्यंत आहे. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, तरी ती सुटलेली नाही. खर्रा जिथे ठेवला जातो तिथली हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडे पडते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येते. त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते, पण आत हाड झिजत असते. मधुमेहाचे नाते तर दुहेरी आहे. साखर वाढलेली असेल तर हिरडीचा रोग बळावतो, आणि हिरडीची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. डीप क्लीनिंगनंतर तीन-चार महिन्यांत मधुमेही रुग्णांचे एचबीए१सी सरासरी सुमारे ०.४ ने उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. आकडा लहान दिसतो, पण साखरेच्या गोळ्यांचा डोस ठरवताना डॉक्टर एवढ्या फरकाकडेही पाहतात.

डीप क्लीनिंगमध्ये आज नेमके काय करतात?

साधे स्केलिंग हिरडीच्या वर आणि काठापाशी होते. डीप क्लीनिंग त्याखाली जाते. आधी खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर खोली ठीक. ४ किंवा अधिक असेल आणि रक्त येत असेल, तर तिथे रोगाचा खिसा, म्हणजे पॉकेट, तयार झालेला असतो. एक्स-रेमध्ये हाड किती उरले ते दिसते. मग इंजेक्शनने तो भाग बधिर करतात, कंपनावर चालणाऱ्या यंत्राने कीटण फोडतात आणि वळणदार हत्यारांनी मूळ साफ करतात. ही हत्यारे रिग्ज यांच्या साधनांच्याच वंशातली आहेत. एका बैठकीत पाव किंवा अर्धे तोंड होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयाची झडप बसवलेली असेल किंवा मधुमेह असेल, तर ते आधीच सांगावे. स्वतःहून गोळी बंद करू नये.

सफाईने दात सैल होतात, हा समज वऱ्हाडातच नव्हे, सगळीकडे आहे. तो उगाच पडलेला नाही. कित्येकदा हलणारे दात कीटणानेच एकमेकांना जखडलेले असतात. ते निघाले की दात मोकळे वाटतात. सूज उतरल्याने हिरडी आकसते, दात लांब दिसतात, फटी उघडतात, गार पाणी झोंबते. झोंबणे बहुतेकांचे काही आठवड्यांत कमी होते. झिजलेले हाड मात्र सफाईने भरून येत नाही. उरलेले टिकवणे हाच उपचाराचा हेतू असतो, आणि ही गोष्ट डॉक्टरांनी खुर्चीत बसवण्याआधी रुग्णाला सांगायला हवी. ६ मिलिमीटरपेक्षा खोल खिसे राहिले तर हिरडी उघडून मूळ साफ करावे लागते. काही दात तरीही वाचत नाहीत. ते काढणेच बरे.

अमरावतीत विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय. दंत महाविद्यालयांत हिरड्यांच्या रोगांचा, म्हणजे पेरिओडॉन्टोलॉजीचा, स्वतंत्र विभाग असतो. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही दंतरोग तपासणी होते. खासगी दवाखान्यात गेल्यास खिशांची खोली मोजून लिहून द्यायला सांगावे. त्या नोंदीशिवाय केलेली सफाई खोलवरची होती की वरवरची, हे नंतर कळायला मार्ग नसतो. पहिली फेरतपासणी साधारण चार ते सहा आठवड्यांनी होते आणि त्यानंतर सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, कारण हिरडीखालचा थर पुन्हा जमतो. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास उपचार झाला असेल, तर संक्रांतीच्या आसपास पुन्हा खुर्चीत बसावे लागते. त्या वेळी सळईने खोली नव्याने मोजून पहिल्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहिली जाते.